खान्देशातल्या स्वयंपाकघरात चिमणी किंवा एक्झॉस्ट बसवताना: भिंत फोडण्याआधी वाचा

आमच्या घरी शेवभाजीची फोडणी पडली की ओट्यापाशी मला ठसका लागायचाच, पण दोन खोल्या पलीकडे पोथी वाचत बसलेल्या सासूबाईंनाही लागायचा. त्यांना दम्याचा त्रास आहे. जळगावात रो हाउस घेतल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही दुकानात जाऊन दिसायला छान अशी चिमणी घेऊन आलो. बसवणाऱ्याने ती पाइप न जोडताच भिंतीला टांगली. धूर होता तिथेच राहिला. मग भिंत फोडून पाइप बाहेर काढला, पण पश्चिमेच्या भिंतीतून. मे महिन्यात वारा सुटला की पाइपात गेलेला धूर परत ओट्यावर यायचा. दुसऱ्यांदा भिंतीचं काम केलं तेव्हा कुठे प्रश्न सुटला. आता सासूबाई फोडणीच्या वेळी ओट्याशेजारी स्टुलावर बसून लसूण सोलतात.

या दोन वर्षांत जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. नवीन घर बांधत असाल तर प्लॅस्टर व्हायच्या आधी वाचा, कारण तेव्हा भोक पाडणं सगळ्यात सोपं असतं.

१. तुमच्या घरी धूर कशाचा होतो ते ओळखा

दुकानदार आधी बजेट विचारतो. तुम्ही त्याआधी आठवड्याचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. वरण-भात-पोळी आणि कधीतरी भजी एवढंच असेल तर चांगला एक्झॉस्ट पंखा पुरतो. आपल्याकडे सहसा तेवढ्यावर भागत नाही. काळ्या मसाल्याची तर्री, मिरच्या भाजून केलेला ठेचा, कळण्याची भाकरी, आणि हिवाळा लागला की बामणोद-असोद्याकडची भरताची वांगी थेट जाळावर. प्रत्येकातून निघणारी वस्तू वेगळी असते. फोडणीतून तेलाचे बारीक थेंब उडतात, ते हवेत तरंगतात आणि थंड झाले की कपाटांवर चिकट थर होऊन बसतात. मिरचीचा ठसका म्हणजे तिचा तिखटपणाच कणांच्या रूपात हवेत गेलेला असतो. भाकरीचा तवा तेल कमी उडवतो, पण उष्णता भरपूर देतो.

आणि काहीच दिसत नसलं तरी गॅसच्या ज्योतीतून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि थोडा नायट्रोजन डायऑक्साइड निघतच असतो. दमा असलेल्या माणसाला हा शेवटचा वायू त्रास देतो. म्हणून धूर दिसला तरच पंखा लावायचा ही सवय सोडा. दूध तापवतानाही पंखा चालू असू द्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. वर्षाचा मसाला करायला किलो-किलोच्या मिरच्या भाजायच्या असतील तर घरगुती चिमणी पुरी पडत नाही. ते काम गच्चीवर किंवा अंगणात करा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी, उन्हाळ्यात बिबड्यांसाठी शिजवायचं पीठ, ही कामं आपल्या आज्या बाहेरच्या चुलीवर करायच्या, त्यात शहाणपण होतं.

२. हवा आत कुठून येणार ते आधी ठरवा

बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. आत यायला वाट नसेल तर पंखा फक्त आवाज करतो.

आपल्याकडे हे जास्त जाणवतं, कारण आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर गेला की सकाळी ११ नंतर आपण सगळी दारं-खिडक्या लावून घेतो, पडदे ओढतो. त्याच वेळी ओट्यावर दुपारचा स्वयंपाक चालू असतो. घर बंद, हवेला वाट नाही आणि चिमणी मात्र सुरू. मग लोक म्हणतात, चिमणी काही कामाची नाही.

एक अगरबत्ती घ्या. नेहमी बंद असतात ती दारं-खिडक्या बंद ठेवा, एक्झॉस्ट किंवा चिमणी लावा आणि अगरबत्ती स्वयंपाकघराच्या दारात गुडघ्याच्या उंचीवर धरा. धूर ठळकपणे आत, पंख्याच्या दिशेने वाहिला तर हवा येते आहे. सरळ वर गेला तर येत नाही. मग एकेक खिडकी थोडी उघडत जा आणि कुठली उघडल्यावर धूर आत ओढला जातो ते पाहा. पंखा नसेल तर अजून उत्तम, आधी नुसती खिडकी उघडून घरातली हवा मुळात कुठून कुठे जाते ते समजून घ्या.

हवा येण्याची जागा ओट्यापासून लांब, शक्यतो समोरच्या बाजूला हवी. पंख्याच्या अगदी शेजारची खिडकी उघडी असेल तर पंखा त्याच खिडकीतून हवा ओढून बाहेर टाकत राहतो. धूर असतो तिथेच राहतो. आमच्याकडे हे सहा महिने चाललं होतं. दाराच्या खाली बोटभर फट ठेवली किंवा दाराच्या खालच्या भागात जाळीची पट्टी बसवली तरी बराच फरक पडतो.

३. कूलर असेल तर त्याला कामाला लावा

खिडकीत बसवलेला डेझर्ट कूलर बाहेरची हवा ओली करून घरात ढकलतो. त्या हवेला बाहेर जायला जागा नसेल तर खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. हॉलमधल्या खिडकीत कूलर, स्वयंपाकघराचं दार उघडं आणि ओट्यावरचा एक्झॉस्ट चालू, असं केलं की हवा हॉलमधून स्वयंपाकघरात आणि तिथून बाहेर अशी वाहते. हॉल गार, आणि फोडणीचा वास हॉलकडे येतच नाही. उन्हाळ्यासाठी माझ्या मते याहून चांगली सोय नाही.

दोन गोष्टी सांभाळा. कूलरचा झोत थेट शेगडीवर येऊ देऊ नका. ज्योत हलते, कधी विझते, आणि धूर चिमणीच्या तोंडाशी पोचायच्या आत पसरतो. छताचा पंखाही हेच करतो, म्हणून फोडणीच्या वेळी तो बंद ठेवा. घरात एसी असेल तर मात्र उलटं करा. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि तिथलीच लांबची खिडकी थोडी उघडा, नाहीतर चिमणी एसीची गार हवा बाहेर फेकत बसेल.

४. एक्झॉस्ट की चिमणी?

एक्झॉस्ट पंखा सगळ्या खोलीची हवा बदलतो. धूर आधी खोलीत पसरतो, मग हळूहळू बाहेर जातो. चिमणी शेगडीच्या डोक्यावर बसून धूर पसरायच्या आतच ओढते, तेल जाळीत अडवते. तळण आणि फोडणी रोजची असेल आणि स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल तर चिमणी घ्या. वेगळं, बंद स्वयंपाकघर आणि बाहेरची भिंत असेल तर चांगल्या जागी बसवलेला ९ किंवा १२ इंची एक्झॉस्ट निम्म्याहून कमी खर्चात काम भागवतो. आमच्याकडे दोन्ही आहेत, आणि भरीत करताना दोन्ही लावावे लागतात.

बिनपाइपाची चिमणी घेऊ नका. तीत कोळशाचा फिल्टर असतो, तो थोडा वास आणि तेल अडवतो आणि बाकीची हवा परत तुमच्याच तोंडावर सोडतो. उष्णता, वाफ, गॅसच्या ज्योतीतले वायू सगळे घरातच राहतात. शिवाय कोळसा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल तर तोच पैसा खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी बसणाऱ्या एक्झॉस्टमध्ये घाला. घर सोडताना काढून नेता येतो.

एक्झॉस्ट घेताना स्वयंपाकघरासाठी धातूच्या पात्यांचा घ्या. प्लॅस्टिकचे हलके पंखे बाथरूमला ठीक, पण तेल आणि उष्णता मिळून त्यांची पाती चिकट होतात, पुढे तडकतात. बाहेरच्या बाजूला आपोआप मिटणाऱ्या झडपा हव्यातच. मे महिन्यात वावटळ आली की काळ्या मातीची धूळ थेट पिठाच्या डब्यावर येते, आणि झडपा नसतील तर चिमण्या-पारवे आत घरटं करतात.

चिमणीची रुंदी शेगडीएवढी किंवा जास्त हवी: दोन बर्नरला ६० सेंटिमीटर, तीन-चार बर्नरला ९०. फिल्टरमध्ये आपल्या फोडणीला स्टीलच्या वळणदार पट्ट्यांचा बॅफल फिल्टर सोयीचा. बारीक जाळीचा फिल्टर आठ-दहा दिवसांत तेलाने बुजतो. फिल्टर नसलेल्या चिमण्यांत तेल खालच्या वाटीत जमतं. ती वाटी वेळच्या वेळी रिकामी केली नाही तर तेल शेगडीवर ठिबकतं. ‘ऑटो क्लीन’ लिहिलं म्हणजे हात लावावा लागत नाही असं समजू नका. आतलं तेल गरम करून वितळवतात एवढंच, ते काढून टाकायचं काम तुमचंच.

५. आकडा स्वतः काढा

लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा आणि गुणा. १० × ८ फुटांचं स्वयंपाकघर, उंची १० फूट, म्हणजे ८०० घनफूट. त्याला ३५ ने भागलं की साधारण २३ घनमीटर. स्वयंपाक चालू असताना तासाला १५ ते २० वेळा हवा बदलायला हवी, म्हणजे २३ × २० = ४६०. एक्झॉस्टच्या खोक्यावर तासाला किमान एवढे घनमीटर लिहिलेले हवेत.

चिमणीच्या खोक्यावर १०००, १२००, १५०० असे आकडे दिसतात. ते मोकळ्या हवेतले असतात. फिल्टर, पाइप आणि प्रत्येक वळण त्यातून वाटा खातं. त्यामुळे मोठ्या आकड्यामागे धावून लांब पाइप लावण्यापेक्षा मध्यम आकडा आणि आखूड पाइप जास्त धूर ओढतो. खोक्यावर आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये लिहिलेला असतो, तोही वाचा. आवाज त्रासदायक असेल तर घरातली माणसं चिमणी लावतच नाहीत.

६. भिंत निवडा

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आपल्याकडे वारा जास्त करून पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला तोंड काढलं तर पंख्याला समोरच्या वाऱ्याशी झुंजावं लागतं, पावसाचा शिडकावाही आत येतो. जमेल तर उत्तर, दक्षिण किंवा पूर्व भिंत घ्या. पश्चिमेशिवाय इलाज नसेल तर पाइपाला बाहेरून खाली तोंड असलेली, झडप असलेली टोपी लावा.

मग बाहेर जाऊन उभे राहा आणि वर बघा. तिथे कुणाची खिडकी आहे? मीटर आहे? कूलर आहे? तुमचा धूर शेजाऱ्याच्या कूलरने ओढला तर भांडण ठरलेलं. स्वतःच्याच कूलरजवळ तोंड काढणारेही मी पाहिले आहेत.

फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. पाइप इमारतीच्या बंद शाफ्टमध्ये सोडायला सांगतील. खालच्या-वरच्या सगळ्यांचे पाइप तिथेच येत असतील तर दुसऱ्याची मासळी तुमच्या घरात वास मारेल. अशा वेळी हवा मागे येऊ न देणारी झडप लावाच.

गवंड्याला भोकाची खूण दाखवताना बीम आणि कॉलम कुठे आहेत ते विचारा. बीम कधीही फोडू देऊ नका, ‘थोडंसंच’ म्हटलं तरी. गोल भोकासाठी कोअर कटिंगवाल्याला बोलवा. छिन्नी-हातोड्याने चौकोनी खिंडार पडतं आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायला सांगा.

७. पाइप आणि उंची

पाइप ६ इंची. चिमणीचं तोंड ६ इंची असताना ४ इंची पाइप स्वस्त पडतो म्हणून लावणारे भेटतात. त्याने हवा अडते, आवाज वाढतो, मोटर तापते. शक्यतो सरळ आणि आखूड, वळण एकच. घडीचा ॲल्युमिनियम पाइप लावावा लागला तर तो ताणून लावा. सुरकुत्या राहिल्या की तेल तिथेच साचतं, आणि साचलेलं तेल पेट घेऊ शकतं.

चिमणीची खालची कड शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर. सोबतच्या पुस्तिकेत वेगळं अंतर दिलं असेल तर ते पाळा. उंच माणसाच्या कपाळाला लागते म्हणून लोक वर सरकवतात, पण ३० इंचांच्या फार वर गेली की धूर बाजूने निसटतो. एक्झॉस्ट छताजवळ, शेगडीच्या बाजूला दोन-तीन फुटांवर. थेट ज्योतीच्या डोक्यावर नको, मोटर भाजते.

८. बसवण्याच्या दिवशी हाताशी काय हवं

- स्वयंपाकघराचा हाताने काढलेला नकाशा: ओटा, शेगडी, खिडक्या, दार, भोकाची जागा, सगळी मापं लिहून
- बिल आणि वॉरंटी कार्ड, त्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख
- सोसायटीचं किंवा घरमालकाचं परवानगीपत्र
- टेप, लेव्हल, पेन्सिल
- पाइप, कोपरा, बाहेरची टोपी, झडप, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, फटी बुजवायला सिलिकॉन
- चिमणीच्या वरच्या बाजूला, शेगडीपासून दूर, अर्थिंग असलेला तीन पिनी सॉकेट

‘फुकट बसवून देतो’ म्हणतात त्यात बहुतेक वेळा पाइप, भोक पाडणं, टोपी आणि नंतरचं प्लॅस्टर येत नाही. खरेदीच्या आधीच बिलामागे एकेक गोष्ट लिहून घ्या. सॉकेटचं काम वायरमनकडून आधीच उरकून ठेवा. आमच्याकडे बसवणारा मिक्सरच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन ओढायला निघाला होता, ते होऊ देऊ नका. वॉरंटीत मोटरची मुदत आणि बाकी यंत्राची मुदत वेगवेगळी असते, दोन्ही वाचा.

वीज जाते त्या भागात इन्व्हर्टरवर एक्झॉस्ट जोडून घ्या. तो चिमणीपेक्षा खूपच कमी वीज खातो.

९. हे धोके नीट लक्षात ठेवा

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, वरची चिमणी तो ओढत नाही. वास आला की पंखा, दिवा, चिमणी कशाचंच बटण चालू किंवा बंद करू नका, ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा. ओट्याखाली सिलिंडर असेल तर त्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूला भोकं किंवा जाळी हवी.

गॅस गिझर घरात असेल तर अजून जपा. घर बंद करून जोरकस चिमणी लावली की घरातली हवा कमी पडते आणि गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत ओढला जाऊ शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. दोन्ही एका वेळी चालवू नका, आणि गिझरचा पाइप चिमणीच्या पाइपाला कधीही जोडू नका.

ज्योत पिवळी होऊन भांड्यांची बुडं काळी पडत असतील तर दोष बर्नरचा आहे. तो साफ करून घ्या, चिमणी त्यावर उपाय नाही.

१०. गावाकडे चूल असेल तर

माझ्या आजोळच्या धाब्याच्या घरात चुलीवर छताला भोक होतं, पाऊस आला की आजी त्यावर डबा पालथा घालायला मामाला पिटाळायची. गरम धूर वर चढतो हे तिला ठाऊक होतं. आता पत्र्याचं छत असेल तर सर्वांत उंच जागी वाऱ्यावर फिरणारा गोल व्हेंटिलेटर बसवता येतो. त्याला वीज लागत नाही. बसवताना कडेने पाणी गळणार नाही असं पक्कं करून घ्या.

धुराडं असलेली चूल असेल तर धुराड्याचं तोंड छताच्या माथ्याच्या वर निघालं पाहिजे, नाहीतर वारा धूर परत खाली दाबतो. पऱ्हाट्या आणि तुराट्या भडकन पेटतात, ठिणग्या उडवतात. धुराड्याजवळ कडब्याची गंजी ठेवू नका. काजळी महिन्यातून एकदा झाडा.

११. पहिली भाजी आणि त्यानंतरची निगा

स्वयंपाकाच्या पाचेक मिनिटं आधी चिमणी लावा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. आधी लावली की हवेची वाट तयार असते. पातळ कागदाचा तुकडा फिल्टरला लावून बघा, तो चिकटून राहिला तर ओढ आहे. काही महिन्यांनी पडायला लागला तर फिल्टर भरलाय.

फिल्टर १५ दिवसांनी धुवा, तळण जास्त असेल तर आठवड्याने. स्टीलचा असेल तर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. ॲल्युमिनियमच्या जाळीला सोडा लावू नका, ती काळी पडते, झिजते. तिला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. एक्झॉस्टची पाती पुसताना आधी बटण बंद करून प्लग काढा. दिवाळीच्या फराळाआधी आणि पुन्हा आखाजीच्या आधी बाहेरची टोपी काढून आतलं तेल आणि धूळ साफ करा. उन्हाळ्यानंतर तिथे मातीचा आणि तेलाचा मिळून घट्ट थर झालेला असतो, त्याने झडप अर्धीच उघडते.

पहिल्या दिवशी मुद्दाम झणझणीत शेवभाजी करा. फोडणी टाकून झाली की कुणाला तरी पातेल्याजवळ उभं करून स्वतः बाहेर जा आणि पाइपाच्या तोंडासमोर हात धरा. हाताला गरम, मसाल्याची हवा लागली पाहिजे. मग शेजारच्या वहिनींना विचारा, वास तुमच्या खोलीत येतोय का. येत असेल तर त्याच दिवशी, मिस्त्री गावात असतानाच, टोपीचं तोंड फिरवून घ्या.